गळती कोणत्या बाजूची?
यंत्र-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपमधून उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी लातूरचा. मंगल कार्यालयांचे गालिचे, घरचे सोफे, गाड्यांच्या सीटा धुऊन द्यायचा माझा धंदा आहे. पुण्यातल्या एका ठेकेदाराकडून इंजिनवर चालणारं गालिचे धुण्याचं जुनं मशीन घेतलं आणि छोट्या हत्तीवर बसवलं. पेट्रोल इंजिन आहे, त्याच्यावरच मळकं पाणी ओढणारा ब्लोअर आणि पाण्याचा पंप चालतो. पाणी तापतं ते इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटवर आणि सायलेन्सरच्या धुरावर. काम करताना प्रेशर 400 पीएसआय ठेवतो. काही दिवसांपासून खाली पाणी टपकायलंय. सायलेन्सरमधूनही पाणी येतंय, आणि पाणी पहिल्यासारखं कडक तापत नाही. रेडिएटरवाला म्हणतो, कथलाचा डाग देऊन टाकतो, गॅरंटी आपली. दुसरा म्हणतो, पाणी तापवणारा हीट एक्स्चेंजर गेला, नवीनच मागवा. मित्र म्हणतो, हळद टाक, आपोआप बंद होईल. लग्नसराई तोंडावर आली. काय करू?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तिघांनी तीन उपाय सांगितले, पण गळती नेमकी कुठली हे कोणी बघितल्याचं तुमच्या पत्रात कुठंच नाही. त्यामुळे खर्च करायच्या आधी तपासणी.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमच्या मशीनला हीट एक्स्चेंजर दोन आहेत. पहिल्यात इंजिनचं कूलंट आपली उष्णता पाण्याला देतं. तिथून कोमट झालेलं पाणी दुसऱ्यात जातं आणि तिथं सायलेन्सरकडे निघालेला धूर त्याला कडक करतो. दोन्हींत पाणी तेच, पण पलीकडच्या बाजूला काय आहे ते वेगळं. म्हणून गळतीची लक्षणंही वेगळी, धोकाही वेगळा.

आधी जे हीट एक्स्चेंजर नाही ते बाजूला काढा. माझ्या शेडमध्ये ‘एक्स्चेंजर गळतोय’ म्हणून आलेली किती तरी कामं शेवटी नटाची, ओ-रिंगची (जोडातल्या गोल रबरी रिंगची) किंवा सेफ्टी वॉल्वची निघतात. मशीन पूर्ण गार करा, सगळं कोरड्या फडक्यानं पुसा, खाली जुना पेपर पसरा आणि इंजिन चालू न करता पाण्याच्या लाइनला प्रेशर द्या. प्लंबरकडे हातानं दाबायचा टेस्टिंग पंप असतो, तो एक दिवसासाठी मिळतो. पेपरवर पहिला थेंब कुठं पडतो ते बघा, मग थेंबाच्या वर बोट नेत जा. पाणी पाइपाच्या अंगानं वाहत लांब जाऊन टपकतं, त्यामुळे जिथं टपकतं तिथं भोक असेलच असं नाही. ओ-रिंग दाबून बघा. ती कडक झाली असेल, नखानं दाबल्यावर परत फुगत नसेल, तर बदला. दुकानात मागताना नुसती ‘ओ-रिंग’ मागू नका. साधी काळी नायट्राइल रबराची रिंग इतक्या गरम पाण्यात लवकर कडक होते. ईपीडीएम नावाच्या रबराची मागा, आणि तिला ग्रीस लावायचं तर सिलिकॉनचं लावा. ईपीडीएमला खनिज तेलाचं ग्रीस चालत नाही, रिंग फुगते.

आता सायलेन्सरमधलं पाणी. त्यावरून लगेच घाबरू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. ते वाफ होऊन धुरातून बाहेर जातं. इंजिन गार असताना, त्यातही धुराच्या वाटेवर गार पाण्याचा एक्स्चेंजर असताना, ती वाफ थंड होऊन टपकणारच. सकाळच्या पहिल्या काही मिनिटांचं पाणी गळतीचं धरू नका. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल, किंवा इंजिन बंद करून लाइनमध्ये प्रेशर ठेवल्यावर गेजचा काटा हळूहळू खाली येत असेल आणि सायलेन्सरमधून पाणी ठिबकत असेल, तर धुराच्या बाजूचा एक्स्चेंजर फुटलाय हे धरून चाला.

तसं असेल तर एक गोष्ट आजच करा. इंजिनला सेल्फ मारू नका. धुराच्या बाजूचं पाणी मागं सरकून एक्झॉस्ट वॉल्वमधून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना त्याच्यावर पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हीट एक्स्चेंजरचं काम इंजिनचं होऊन बसतं. स्पार्क प्लग काढा, इंजिन हातानं फिरवा, पाणी बाहेर येतं का बघा. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही.

कूलंटच्या बाजूची गळती मात्र थेट बाहेरून दिसत नाही, आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते. हिशेब बघा. तुमच्या पाण्याचं प्रेशर 400 पीएसआय, म्हणजे आपल्या भाषेत (चौरस सेंटिमीटरला) 28 किलो. कूलंटचं प्रेशर रेडिएटर कॅपवर ठरतं, ते साधारण 15 पीएसआय, म्हणजे एक किलो. मधल्या नळीला भोक पडलं की पाणी कूलंटमध्ये घुसतं. मग कूलंटच्या बाटलीची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, बाटली भरून सांडते, रंग फिका पडतो. तुमचं खाली टपकणारं पाणी कदाचित त्या बाटलीच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल. ते बोटावर घेऊन बघा. जरा जरी रंगीत आणि बुळबुळीत असेल तर तोच पुरावा. फक्त चाखून बघू नका. मेकॅनिक लोकांना ती सवय असते. ती सोडा.

आणि मशीन बंद केल्यावर काय होतं? तुम्ही वाँडची, म्हणजे धुवायच्या दांडीची, कळ दाबून पाण्याचं प्रेशर सोडता. इंजिन अजून तापलेलं असतं, कूलंटमध्ये ते एक किलो प्रेशर शिल्लक असतं. आता उलटा प्रवाह सुरू होतो, कूलंट पाण्याच्या नळीत येतं. दुसऱ्या कामावर गेल्यावर पहिला फवारा त्या कूलंटचा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी, मूत्रपिंडं निकामी करणारं. तुम्ही धुतलेल्या गालिच्यावर रांगणारी लेकरं बसतात, हात तोंडात घालतात. कार्यालयात लोक खाली पंगतीला बसतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : कूलंटच्या बाजूची शंका आली की त्या मशीननं एकही काम घ्यायचं नाही. लग्नसराई असली तरी नाही. ग्राहकाला सांगा, तारीख पुढं ढकला, भाड्यानं विजेवरचं छोटं मशीन आणा, काहीही करा.

खात्री करायची सोपी पद्धत आहे. कूलंट पूर्ण काढून त्या बाजूला साधं पाणी भरा आणि त्यात कूलंटसाठी मिळणारा चमकणारा डाय टाका. मग पाण्याची लाइन मोकळी ठेवून कूलंटच्या बाजूला 15 पीएसआय प्रेशर द्या. लाइनच्या तोंडाशी आलेल्या पाण्यावर निळा यूव्ही टॉर्च मारा. हिरवट चमक दिसली की निकाल लागला.

हळदीबद्दल. जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये हळद टाकून लोकांनी रस्ता काढलाय, ते मी पाहिलंय. पण ते काम एका किलो प्रेशरचं. तुमच्या नळीत 28 किलो आहे, तिथं हळद टिकणार नाही. वर ती पाण्याच्या बाजूनं गेली तर गालिचा पिवळा करेल, कूलंटच्या बाजूनं गेली तर रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवेल. दोन पुड्यांची पुटी मळून लावतात, तीही इथं नको. बाहेरून थापलेली कुठलीच गोष्ट आतून येणारं 28 किलो अडवत नाही.

डागाचं थोडं सविस्तर सांगतो. रेडिएटरवाला डाग देतो तो कथील आणि शिशाचा. तो 190 अंशांच्या आतच वितळायला लागतो. रेडिएटरला ते पुरतं, कारण कूलंट फार तर 110 अंशांपर्यंत जातं. पण तुमच्या दुसऱ्या एक्स्चेंजरवरून जाणारा धूर 500 अंशांच्या वरचा असतो. नळीतून पाणी वाहतंय तोवर नळीचं अंग साधारण पाण्याइतकंच गरम राहतं. टाकी रिकामी झाली, पाणी थांबलं, की नळी धुराच्या तापमानाकडे चढायला लागते आणि डाग पाझरून जातो. रेडिएटरवाल्याची गॅरंटी खोटी नसेल, पण ती रेडिएटरची आहे.

नळी तांब्याची असेल तर तिला ब्रेझिंग, म्हणजे जास्त तापमानाची झाळ, लागते, आणि ते काम रोज करणारा माणूस लातुरात गल्लोगल्ली आहे : फ्रिज-एसीचा मेकॅनिक. एसीच्या तांब्याच्या नळीतही मोठं प्रेशर असतं. तांब्याला तांबं जोडायचं तर फॉस्फरसवाली तांब्याची काडी चालते, फ्लक्सही (जोड साफ करणारं रसायन) लागत नाही. काडी साधारण 700 ते 800 अंशांना वाहते. तांबं वितळतं 1085 अंशांना, म्हणजे हाताला अंतर मिळतं. तांबं आणि पितळ असेल तर फ्लक्स पाहिजे. तांबं आणि लोखंड किंवा स्टील असेल तर ती काडी अजिबात नको, चांदीची काडी आणि फ्लक्स घ्या. जुन्या साठ्यातल्या काही चांदीच्या काड्यांत कॅडमियम असतं आणि त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो. कॅडमियम नसलेली मागा, काम उघड्यावर करा.

एक्स्चेंजर स्टेनलेसचा असेल तर चुंबक लावून बघा, नेहमीचं स्टेनलेस सहसा चिकटत नाही. मग तांब्याचं काम करणारा नको, आर्गन वेल्डिंगवाल्याकडे जा. त्याला सांगा की नळीच्या आतही आर्गन सोडायचा. बाहेरून सुंदर दिसणारा टाका आतून काळा पडून खरबरीत झाला तर तिथूनच पुन्हा गंज धरतो. आणि कूलंटचा एक्स्चेंजर पातळ पत्र्यांची थप्पी जोडून केलेला, विटेसारखा बंद ठोकळा असेल, तर आतली गळती दुरुस्त होत नाही. तो बदलायचाच.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आतला क्षार काढायचा, मग टेस्ट, मग ब्रेझिंग, मग पुन्हा टेस्ट. क्षाराचा थर भोकं बुजवून बसतो. लोक आधी झाळतात, नंतर ॲसिडनं धुतात आणि बुजलेली दोन भोकं उघडी पडली की मेकॅनिकशी भांडतात. नळी झाळण्याआधी आतून पूर्ण कोरडी करा. आत पाणी राहिलं तर तांबं 100 अंशांच्या वर जाता जात नाही, काडी गोळा होऊन बसते आणि वर जोर लावला तर वाफ उसळते. एक टोक उघडं राहू द्या.

शेवटची टेस्ट पाण्यानं, कामाच्या प्रेशरच्या दीडपट. 400 ला 600 पीएसआय, अर्धा तास, काटा हलता कामा नये. ही फक्त पाण्याच्या नळीची. कूलंटच्या बाजूला 600 लावलं तर चांगला एक्स्चेंजर फोडाल, तिथं 20 पुरे. आणि कुणी म्हणालं की कॉम्प्रेसरच्या हवेनं पटकन बघू, तर त्याला थांबवा. दाबलेली हवा साठवलेली ताकद असते. पाण्याच्या टेस्टमध्ये नळी फुटली तर पाणी सांडतं. हवेत फुटली तर तुकडे उडतात. हवा वापरायचीच तर 15-20 पीएसआयवर, एक्स्चेंजर टाकीत बुडवून, बुडबुडे बघायला.

उघडताना मात्र जपा. मशीन गार झालं म्हणजे हात लावून गार लागलं पाहिजे. 28 किलोवर पाणी 110 अंशांनाही पाणीच राहतं. नट सैल केला की त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते आणि ती वाफ तोंडाच्या उंचीवर येते. वाँडची कळ दाबून प्रेशर शून्यावर आलेलं बघा, बॅटरीची वायर काढा, मग पाना लावा.

आता मूळ दुखणं. पाणी पहिल्यासारखं तापत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ ती वाटली. भोक पडल्यामुळे पाणी गार झालेलं नसावं. आत क्षार साचला म्हणून पाणी गार झालं आणि त्याच क्षारामुळे भोक पडलं असावं. ही मशीनं ज्या देशांतून येतात तिथल्या पुस्तकात हिवाळ्यात पाणी गोठून नळी फुटते यावर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे परभणीचा पारा थंडीत एकअंकी होतो, पण पाणी गोठायला तो पुरत नाही. आपला शत्रू बोअरचं पाणी. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून मुरून आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन येतं. गार असताना ते विरघळलेलं असतं. तापलं की त्याचा कार्बोनेट होतो आणि तापलेल्या भिंतीवरच बसतो. थर उष्णता तांब्याच्या शेकडो पट कमी वाहून नेतो. पाण्याला ऊब पोचत नाही आणि धुराच्या बाजूची नळी मात्र तापत राहते. रोज तापणं-निवणं, त्यात गाडीचे हादरे. शेवटी ब्रॅकेटजवळ किंवा वळणावर चीर जाते.

हिशेब करून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचं 500 धरा, दिवसाला 400 लिटर पाणी धरा. रोज 200 ग्रॅम चुना तुमच्या मशीनमधून जातो. त्यातला एक दशांश जरी आत बसला तरी महिन्याला अर्धा किलोच्या वर. धुराच्या एक्स्चेंजरमधल्या पाण्याच्या नळीचा व्यास बोटाएवढा असतो हे लक्षात घेतलं की पुढचं सांगायला नको.

लातूरकर म्हणतील, पाणी मिळतंय हेच खूप. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे ते, मला त्याची जाण आहे. पण तुमचा धंदाच पाण्याचा आहे. टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं हे रोज बदलतं. जडपणा मोजायच्या साध्या पट्ट्या मिळतात, टाकी भरली की एक बुडवून बघा. गाडीवर छोटा सॉफ्टनर बसवा. रेझिनचा असतो, मिठानं पुन्हा ताजा करायचा. सॉफ्टनरनं जडपणा जातो, क्लोराइड जात नाही, हेही लक्षात ठेवा. स्टेनलेसचा एक्स्चेंजर असेल आणि पाणी मचूळ असेल तर 60 अंशांच्या वर क्लोराइडमुळे स्टेनलेसला बारीक चिरा जातात. तिथं तांबं बरं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरता आलं तर त्यासारखं दुसरं नाही.

शेवटचं, या लग्नसराईचं. धुराचा एक्स्चेंजर काढून त्याची पाण्याची लाइन नुसती जोडून टाकू असा विचार मनात आला असेल. धूरही दुसऱ्या वाटेनं वळवला तरच ते चालेल. एक्स्चेंजर धुरात तसाच आणि पाणी बंद, असं केलंत तर एका दिवसात तो कायमचा जाईल. आणि काम संपल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. थोडा वेळ कमी आरपीएमवर पाणी वाहू द्या, नळी निवू द्या. टाकीत फ्लोट स्विच बसवा, पाणी संपलं की इंजिन आपोआप बंद झालं पाहिजे. नवीन एक्स्चेंजरची किंमत तुम्हाला दुसऱ्या मेकॅनिकनं सांगितली असेल. फ्लोट स्विच त्याच्या पुढं काहीच नाही.

प्रश्न : बीडच्या एका कार्यालयाचं व्यवस्थापन मी बघते. मागच्या महिन्यात एका धुणाऱ्याकडून हॉलचे गालिचे धुऊन घेतले. दोन दिवसांत वाळले, पण पायाला चिकट लागतात आणि धूळ पूर्वीपेक्षा लवकर बसते. यात काही अपायकारक असेल का?
— एक वाचक, बीड

उत्तर : ताई, शंभरातली बहुतेक प्रकरणं साबणाची असतात. शाम्पू जास्त घातला आणि पाण्यानं नीट ओढून काढला नाही की गालिचा चिकट राहतो आणि धूळ धरतो. पण वरचं लांबलेलं उत्तर वाचलंत तर कळेल की इंजिनवरच्या मशीनमधून कूलंट आलेलं असू शकतं. त्याचाही चिकट थर राहतो. एका कोपऱ्यात पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून जोरात दाबा. फेस आला तर साबण आहे. फेस न येता फडक्यावर हिरवट, गुलाबी किंवा निळसर छटा आली तर कूलंटची शंका घ्या, कारण कूलंटला बऱ्याचदा असे रंग दिलेले असतात. छटा नाही आली म्हणजे कूलंट नाहीच, असं मात्र समजू नका.

दोन्हींवर उपाय एकच आहे. साबण न घालता नुसत्या स्वच्छ पाण्यानं पुन्हा धुणं आणि ओढणं, फडकं स्वच्छ येईपर्यंत. इथिलीन ग्लायकॉल पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे ते निघून जातं. तोवर त्या गालिच्यावर लहान मुलांना बसवू नका आणि पंगत मांडू नका. धुणाऱ्याला सरळ विचारा : मशीन विजेवरचं की इंजिनवरचं? विजेवरचं असेल तर कूलंटचा प्रश्नच येत नाही. इंजिनवरचं असेल तर कूलंट शेवटचं कधी टाकलं, बाटलीची पातळी वाढते का, हे विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाला रागावणार नाही.

प्रश्न : आमचं विजेवरचं कार्पेट मशीन आहे, आत 2000 वॅटचा हीटर. हीटरच्या ठोकळ्यातून पाणी झिरपतं आणि कधीकधी घरातला ट्रिपर पडतो. पाणीही कोमटच येतं. हीटर मोठा बसवावा का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मशीन आधी बोर्डावरून काढा. 230 व्होल्ट, ओला गालिचा आणि ओल्या पायांचा माणूस, या तिन्ही गोष्टी तुमच्या कामात एकत्र येतात. ट्रिपर पडतो म्हणजे तो आपलं काम करतोय. तो पडू नये म्हणून काढून टाकणारे मला भेटलेत. तुम्ही तसं करू नका. उलट मशीनच्या वायरलाच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) लावा, म्हणजे ज्या घरात ट्रिपर नाही तिथंही तुम्ही सुरक्षित.

ठोकळ्याचा गॅस्केट बदलायचा आणि हीटरच्या कॉइलचं इन्सुलेशन मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) मोजून घ्यायचं. कॉइलच्या बाहेरच्या नळीला चीर असेल तर ती झाळत बसू नका, कॉइलच बदला. इथं दुरुस्तीचा मोह नको.

कोमट पाण्याचं गणित साधं आहे. 2000 वॅट मिनिटाला एक लिटर पाण्याचं तापमान साधारण 28-29 अंशांनीच वाढवू शकतात. नळाचं पाणी 28 अंशांचं असेल तर वाँडला 57 च्या पुढं जाणार नाही. तुमचा जेट, म्हणजे फवाऱ्याचं तोंड, मिनिटाला दोन लिटर टाकत असेल तर वाढ निम्मी. मोठा हीटर बसवाल तर घरातला 16 अँपिअरचा प्लग बाकीच्या मोटरांसकट तो भार घेईलच असं नाही. त्यापेक्षा लहान भोकाचा जेट घाला, किंवा टाकीतच गरम पाणी भरून न्या. टाकीवर किती अंशांपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, ते बघून.

प्रश्न : मी हिंगोलीच्या आयटीआयत शिकतो. एक्स्चेंजर धुवायला फरशीचं ॲसिड चालतं का? आणि फॉस्फरसची काडी स्टेनलेसला का चालत नाही?
— एक विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : बाळा, दुसऱ्याचं उत्तर आधी. काडीतला फॉस्फरस लोखंडाशी मिळून ठिसूळ फॉस्फाइड बनवतो. जोड दिसायला छान दिसतो, पहिल्याच हादऱ्याला काचेसारखा तुटतो. स्टेनलेसमध्येही लोखंडच जास्त असतं, म्हणून तिथंही तेच. तांब्यात मात्र तोच फॉस्फरस पृष्ठभागावरचा ऑक्साइड काढतो, म्हणून तिथं फ्लक्स लागत नाही.

फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते क्षार झटकन खातं, हे खरं. पण स्टेनलेसच्या अंगावरचा संरक्षक थर तेच फोडतं आणि त्याला सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतं. तांब्यालाही ते सोडत नाही. आपल्याला लिंबूसत्त्व पुरतं. 20 लिटर पाण्यात एक किलो सायट्रिक ॲसिड, पाणी 50 अंशांच्या आसपास, छोट्या पंपानं एक्स्चेंजरमधून फिरवत ठेवायचं. परतीच्या नळीतून बुडबुडे येतात तोवर ॲसिड काम करतंय. बुडबुडे थांबले आणि क्षार अजून शिल्लक असेल तर ते ओतून नवं करायचं, जुनंच रात्रभर ठेवायचं नाही. नाहीतर कॅल्शियम सायट्रेटचा नवा साका आत बसतो. शेवटी 20 लिटर पाण्यात दोन मुठी खायचा सोडा टाकून फिरवायचा आणि साध्या पाण्यानं धुऊन घ्यायचं. लाइनमध्ये ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला सुटा भाग असेल तर तो आधी काढून ठेव. चष्मा आणि हातमोजे घाल. आणि ब्लीच वापरलेल्या लाइनमध्ये कुठलंच ॲसिड सोडायचं नाही, आधी भरपूर पाण्यानं धुवायचं, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो.